पाच वर्षं सोबत काम केलेल्या स्टॉर्मवॉटर कन्सल्टंटबद्दल

आमच्या शहराने स्टॉर्मवॉटर परमिटच्या, म्हणजे रस्त्यावरचं पावसाचं पाणी ओढ्यात सोडण्याच्या सरकारी परवान्याच्या, कामासाठी नेमलेल्या कन्सल्टंट कंपनीचं पाच वर्षांचं कंत्राट ३० जून २०२५ ला संपलं. ऑफिसच्या पद्धतीप्रमाणे मी त्यांच्या कामाचा मूल्यमापन फॉर्म भरला. वेळ, बजेट, संवाद अशा चौकटी होत्या, प्रत्येकीत एक ते पाचमधला आकडा घालायचा होता. मी आकडे घातले, सही केली, फाइल कपाटात गेली. पण अमेरिकेत शहरांच्या आणि काउंट्यांच्या नोकरीत आपले मराठी इंजिनिअर बरेच आहेत, आणि वर्षातून दोघं-तिघं तरी मला फोन करून विचारतात, की या कामाला बाहेरचा कन्सल्टंट घ्यावा का, आणि घेतला तर काय बघून घ्यावा. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. कंपनीचं नाव देणार नाही. आमच्या वाट्याला आलेली माणसं दुसऱ्या शहराच्या वाट्याला येतीलच असं नाही, आणि मला जे सांगायचं आहे ते माणसांबद्दलच आहे.

आमचं शहर लॉस एंजेलिस काउंटीतलं, लहानसं, रिओ होंडोच्या काठावरचं. रिओ होंडो पुढे लॉस एंजेलिस नदीला मिळतो आणि नदी लाँग बीचला समुद्रात जाते. शहराच्या पब्लिक वर्क्स खात्यात या कामाला पूर्ण वेळ मी एकटी आणि अर्धा वेळ एक इन्स्पेक्टर. एवढ्या मनुष्यबळात परमिट सांभाळणं शक्य नव्हतं, म्हणून कन्सल्टंट.

ज्यांचा या कामाशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. इथे जमिनीखाली दोन वेगळे पाइप असतात. घरातलं सांडपाणी एका पाइपने प्रक्रिया केंद्राकडे जातं. रस्त्यावरचं पाणी कडेच्या कॅच बेसिनमध्ये, म्हणजे झाकणाखालच्या खड्ड्यात, पडतं आणि दुसऱ्या पाइपने सरळ ओढ्यात. मध्ये ते स्वच्छ करणारं काहीही नाही. एका एकर डांबरी जागेवर एक इंच पाऊस पडला की सुमारे २७ हजार गॅलन पाणी होतं, आणि ते सहा महिने साचलेलं तेल, ब्रेकची धूळ, कुत्र्यांची विष्ठा, सिगारेटची थोटकं सगळं घेऊन वाहतं. इथल्या उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतोच, त्यामुळे पहिल्या पावसाचं पाणी वर्षातलं सगळ्यात घाण असतं.

१९७२ च्या क्लीन वॉटर अ‍ॅक्टने कारखान्यांच्या पाइपांना परमिट लावलं. पावसाच्या पाण्याची पाळी १९८७ च्या दुरुस्तीत आली. मग १९९० च्या नियमाने एक लाखावर वस्तीची शहरं परमिटखाली घेतली आणि १९९९ च्या नियमाने लहान शहरं. आमच्या भागात पाण्याच्या दर्जावर देखरेख करणाऱ्या राज्याच्या लॉस एंजेलिस रिजनल वॉटर बोर्डाने जुलै २०२१ मध्ये लॉस एंजेलिस आणि व्हेंचुरा या दोन्ही काउंट्यांसाठी नवं एकत्र परमिट मंजूर केलं, म्हणजे आमच्या कंत्राटाच्या पहिल्याच वर्षानंतर. नियम मोडला तर राज्याच्या कायद्याने बोर्डच एका उल्लंघनासाठी दिवसाला १० हजार डॉलरपर्यंत दंड करू शकतं, केंद्राच्या कायद्याने ६० हजारांहून जास्त. शिवाय कोणीही नागरिक शहरावर थेट दावा लावू शकतो. लहान शहराच्या बजेटला हे परवडणारं नाही, त्यामुळे कौन्सिलला हा विषय समजावताना मला फार कष्ट पडले नाहीत.

निवडीबद्दल आधी सांगते, कारण आमची पहिली चूक तिथेच झाली. कॅलिफोर्नियात इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक सेवा सर्वात कमी बोलीवर द्यायच्या नसतात. आधी पात्रता बघायची, मग त्या कंपनीशी दराची बोलणी करायची. हा नियम चांगला आहे. आम्ही आरएफपी, म्हणजे प्रस्ताव मागवणारी जाहिरात, काढला, चार प्रस्ताव आले, दोन कंपन्यांना मुलाखतीला बोलावलं. निवडलेल्या कंपनीतर्फे एक अतिशय अनुभवी बाई आल्या होत्या. रिजनल बोर्डाच्या सुनावण्यांचा खडा न् खडा त्यांना माहीत होता. आम्ही चौघांनी त्यांना बघून गुण दिले. कंत्राट झालं आणि पुढच्या पाच वर्षांत त्या आमच्या शहरात एकूण सहा वेळा आल्या. रोजचं काम दुसऱ्याच लोकांनी केलं, ज्यांना आम्ही मुलाखतीत पाहिलंही नव्हतं. हे फसवणं नव्हे, या धंद्यात असंच चालतं, पण मुलाखतीला बसलेल्या माणसाने विचारायला हवं की पाण्याच्या नमुन्याची बाटली कोण भरणार, नकाशा कोण काढणार, अहवालाचा पहिला मसुदा कोण लिहिणार. आम्ही विचारलं नाही.

पहिल्या वर्षीचा वार्षिक अहवाल हा त्यांच्या कामाचा सगळ्यात वाईट नमुना. अहवाल डिसेंबरच्या मध्यात बोर्डाकडे द्यायचा असतो. मसुदा माझ्याकडे नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या आदल्या संध्याकाळी आला, दोनशेहून जास्त पानांचा. सुट्टीत मी तो ओळ न् ओळ वाचला. बांधकामांच्या तपासणीच्या प्रकरणात एका परिच्छेदात आमच्या शहराऐवजी शेजारच्या शहराचं नाव होतं. जनजागृतीच्या प्रकरणात एका मेळाव्याचं वर्णन होतं जो आमच्याकडे झालाच नव्हता. मजकूर दुसऱ्या ग्राहकाच्या अहवालातून उचलला होता हे उघड होतं.

मला याचा राग का आला ते सांगते. त्या अहवालाच्या शेवटी एक प्रमाणपत्र असतं. 'कायद्याने होणाऱ्या शिक्षेची जाणीव ठेवून मी प्रमाणित करतो की' अशा अर्थाची त्याची सुरुवात, आणि त्याखाली सही शहराच्या जबाबदार अधिकाऱ्याची. कन्सल्टंटची नाही. खोटी माहिती गेली तर दंड आणि तुरुंगवास दोन्हींचा उल्लेख त्याच मजकुरात आहे. आमचे सिटी मॅनेजर माझ्या शब्दावर सही करतात. न झालेल्या मेळाव्यावर मी त्यांची सही घेतली असती, तर मला त्यांच्यासमोर उभं राहायला तोंड राहिलं नसतं. मी सोमवारी सकाळी प्रोजेक्ट मॅनेजरला फोन केला आणि सगळं सांगितलं. त्यांनी माफी मागितली, पुन्हा लिहून दिलं, जास्तीचे तास लावले नाहीत. दुसऱ्या वर्षापासून मसुदा ऑक्टोबर अखेरीस येऊ लागला आणि प्रत्येक दाव्याशेजारी त्याचा पुरावा कुठे आहे ते लिहिलेलं असायचं. ही सुधारणा खरी होती आणि शेवटपर्यंत टिकली.

आता सॅम्पलिंग, म्हणजे पाण्याचे नमुने घेणं. कंत्राटाचा मोठा पैसा इथे जातो आणि कंपनी ओळखायची तर इथेच ओळखावी.

माझे वडील पाटबंधारे खात्यात होते, सांगलीला. पुराच्या दिवसांत आयर्विन पुलाची पातळी रात्रीबेरात्री किती फूट झाली हे घरी आल्यावर ते आईला सांगायचे, आणि तो आकडा त्यांनी स्वतः पाहिलेला असायचा. त्यामुळे पाण्याचा आकडा म्हटला की मला त्यामागे कोणीतरी भिजलेलं माणूस दिसतं. इथेही तसंच आहे. आमच्या मॉनिटरिंगमध्ये हंगामातला पहिला मोठा पाऊस पकडायचाच असतो. किमान पाव इंच पावसाचा ७० टक्के शक्यतेचा अंदाज आला आणि आधीचे तीन दिवस कोरडे गेले असले, की टीम निघाली पाहिजे. ई. कोलाय या विष्ठेतल्या जिवाणूचा नमुना निर्जंतुक बाटलीत हाताने घ्यायचा, बर्फात ठेवायचा, सहा तासांत लॅबमध्ये पोचवायचा आणि लॅबने पुढच्या दोन तासांत काम सुरू करायचं. विरघळलेलं तांबं मोजायचं तर नमुना १५ मिनिटांत गाळावा लागतो. पाऊस रात्री आला म्हणून यातली एकही मुदत वाढत नाही.

दुसऱ्या हंगामातल्या पहिल्या पावसाचा अंदाज पहाटे चारचा होता. तो आला रात्री एकला. कंपनीचे दोघे टेक्निशियन पन्नास मैलांवर आपापल्या घरी झोपलेले. मला पावसाच्या आवाजाने जाग आली. मी गाडी काढून आउटफॉलवर, म्हणजे पाइप ओढ्यात उघडतो त्या तोंडाशी, गेले. आमच्या मेंटेनन्स यार्डाचे सुपरवायझर आधीच तिथे उभे होते, कारण त्यांना कॅच बेसिनच्या जाळ्या तुंबतात का ते बघायचं होतं. टॉर्चच्या उजेडात पाइपमधून चहासारखं तपकिरी पाणी फेसासकट कोसळत होतं, पानं, ग्लास, फोमचे तुकडे सगळं त्यात. हंगामातलं सगळ्यात महत्त्वाचं पाणी आमच्यासमोरून वाहून जात होतं आणि आमच्या हातात एक बाटलीसुद्धा नव्हती. टीम पोचली तेव्हा पाच वाजायला आले होते. पाणी तोवर निवळलं होतं. त्यांनी नमुने अगदी पद्धतशीर घेतले आणि आकडे अर्थातच चांगले आले.

अहवालात ते आकडे 'पहिल्या मोठ्या पावसाचे' म्हणून लिहिलेले पाहिले तेव्हा मी ते मान्य केलं नाही. पाऊस किती वाजता सुरू झाला, नमुना किती वाजता घेतला, मध्ये किती वेळ गेला, हे तिन्ही लिहा, असं सांगितलं. त्यांच्या प्रोजेक्ट मॅनेजरचं म्हणणं होतं की नियमाने एवढं लागत नाही. दोन फोन झाले, मग लिहिलं. त्यांच्या बाजूने एवढं सांगायला हवं, की पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःहून आउटफॉलमध्ये पातळी ओळखून आपोआप सुरू होणारा ऑटोसॅम्पलर बसवला, आणि जिवाणूंच्या नमुन्यासाठी माणूसच लागतो म्हणून अंदाजाच्या आदल्या रात्रीपासून एक टेक्निशियन आमच्या यार्डातल्या खोलीत मुक्कामाला ठेवला. त्या मुक्कामाचे पैसे आम्ही दिले, आणि ते पाच वर्षांतले सगळ्यात सार्थकी लागलेले पैसे होते.

तिसऱ्या वर्षी आणखी एक चूक झाली. ती तांत्रिक आहे, पण इंजिनिअर वाचकांसाठी लिहिते, कारण ती कुठेही होऊ शकते. तांब्याची मर्यादा हा एक ठरावीक आकडा नाही. ती पाण्याच्या कठीणपणावर, म्हणजे त्यात विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमवर, अवलंबून असते. कठीणपणा लिटरमागे १०० मिलिग्रॅम असेल तर अल्पकाळाची मर्यादा सुमारे १३ मायक्रोग्रॅम, ५० असेल तर सुमारे ७. पावसाचं पाणी मृदू असतं, म्हणजे मर्यादा कडक होते. त्या वादळात लॅबला दिलेल्या फॉर्मवर कठीणपणाची खूण करायचीच राहिली. निकाल ९ आला. हे उल्लंघन आहे की नाही, हे कोणालाच सांगता येईना. नऊ तास पावसात उभं राहून गोळा केलेला आकडा हातात, आणि त्याचा उपयोग शून्य. टेक्निशियन मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कंपनीने त्या वादळाचं बिल लावलं नाही, लॅबचा खर्चही स्वतः सोसला, आणि पुढे फॉर्म दोघांनी तपासल्याशिवाय बाटल्या निघेनात. चूक लपवली नाही याचे मी त्यांना पूर्ण गुण दिले.

हीच मुलगी या कंपनीबद्दलच्या माझ्या चांगल्या मताचं मुख्य कारण आहे. कोरड्या दिवसांत आउटफॉलमधून पाणी वाहत असेल तर ते कुठून येतं ते शोधायचं, हा परमिटचा एक भाग. बऱ्याच कंपन्या वर्षातून एकदा फोटो काढून 'प्रवाह दिसला' असं लिहून मोकळ्या होतात. एका ऑगस्टमध्ये आमच्या एका आउटफॉलमधून करंगळीएवढी धार वाहत होती. तिने जागेवरच चाचण्या केल्या. डिटर्जंटचं प्रमाण खूप, अमोनिया अगदी कमी, फ्लोराइड नळाच्या पाण्याइतकं. ती मला म्हणाली, हे मैलापाणी नाही, बागेचंही नाही, हे कोणाचं तरी धुण्याचं पाणी आहे.

मग ती आणि आमचे यार्ड सुपरवायझर निघाले. एकेक झाकण उचलायचं, आत टॉर्च मारायचा, धार आहे का बघायचं, वरच्या झाकणाकडे जायचं. दोन दिवस, शंभर अंश फॅरनहाइट उष्णतेत. बाराव्या झाकणात धार होती, तेराव्यात नव्हती. त्या दोन झाकणांच्या मध्ये एक जुनी अपार्टमेंटची इमारत होती, आणि तिच्या तळमजल्यावरच्या सामायिक लाँड्री रूमचा पाइप सांडपाण्याऐवजी स्टॉर्म ड्रेनला जोडलेला निघाला. रंग टाकून खात्री केली. घरमालकाला कल्पनाही नव्हती, जोडणी त्यांनी इमारत घेण्याच्या आधीची. त्यांनी महिन्याभरात प्लंबर लावून पाइप बदलून घेतला, आम्हाला दंड करावा लागला नाही. किती वर्षं त्या मशीनचं साबणाचं पाणी रिओ होंडोत जात होतं याचा हिशोब कोणाकडे नाही. आज तो आउटफॉल ऑगस्टमध्ये कोरडा असतो. मी अजूनही मुद्दाम गाडी वळवून बघते.

दोन दिवसांच्या कामाचं बिल तीन हजार डॉलरच्या आत होतं. त्याच तिमाहीत धोरणविषयक बैठकांना उपस्थिती या नावाखाली त्याच्या तिप्पट बिल होतं. बैठकांना कोणीतरी जायलाच लागतं, नदीच्या खोऱ्यातल्या शहरांच्या वॉटरशेड गटात आमच्या शहराचा आवाज हवा, हे मला मान्य आहे. पण एकाच बैठकीला दोन-दोन सीनिअर लोक, दोघांचे तास, ही गोष्ट मी पहिल्या वर्षी नजरेआड केली आणि दुसऱ्या वर्षी थांबवली. इनव्हॉइस ओळ न् ओळ वाचायला दर महिन्याला अर्धा दिवस राखून ठेवा.

नकाशाची गोष्ट मात्र अजून मनाला लागून आहे. कंत्राटात आमच्या सगळ्या कॅच बेसिनची आणि त्यातल्या कचरा अडवणाऱ्या जाळ्यांची जीआयएस, म्हणजे संगणकी नकाशात, नोंद करणं होतं. आमच्या भागात कचऱ्याचा नियम कडक आहे. पाच मिलिमीटरपेक्षा मोठं काहीही पुढे जाता कामा नये, अशी जाळी लागते. त्यात भर म्हणजे काही बेसिन शहराची, काही काउंटी फ्लड कंट्रोल डिस्ट्रिक्ट या पूरनियंत्रण संस्थेची, आणि ही डिस्ट्रिक्ट १९१५ सालापासूनची, त्यामुळे कागदांचे थर साचलेले. कोणतं झाकण कोणाचं यावरून प्रत्येक पावसाळ्यात फोनाफोनी. कंपनीने टॅब्लेट घेऊन गल्लोगल्ली फिरून सुंदर नकाशा केला. आमच्या सुपरवायझरनी त्यांच्याबरोबर फिरून जुन्या नकाशात नसलेली अकरा बेसिन दाखवली, जी त्यांना तीस वर्षांच्या नोकरीमुळे तोंडपाठ होती.

पण तो नकाशा राहिला कंपनीच्या सर्व्हरवर, त्यांच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये. आम्हाला लॉगिन होतं. कंत्राट संपायच्या आधी मी मूळ डेटा मागितला तेव्हा पीडीएफ आले. पुन्हा मागितला, एक्सेलच्या याद्या आल्या, निर्देशांकांशिवाय. कंत्राटात 'सर्व दस्तऐवज शहराच्या मालकीचे' एवढंच लिहिलं होतं, कोणत्या स्वरूपात द्यायचे ते नव्हतं. सिटी अ‍ॅटर्नींचं पत्र जाईपर्यंत आठ आठवडे गेले. आमच्या सुपरवायझरनी उन्हातान्हात फिरून दिलेली माहिती आम्हालाच मागून घ्यावी लागली. मूल्यमापन फॉर्मवर या चौकटीत मी एक हा आकडा टाकला आहे.

पैशांबद्दल लोक नेहमी विचारतात. आमचं कंत्राट वर्षाला कमाल १ लाख ८० हजार डॉलरचं होतं, तासांप्रमाणे बिल, ठरलेल्या मर्यादेबाहेर नाही. यातला बराचसा भाग मेझर डब्ल्यूच्या पैशातून आला. लॉस एंजेलिस काउंटीच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये हा कर मंजूर केला. पाणी न मुरणाऱ्या जमिनीवर चौरस फुटाला अडीच सेंट, आणि जमलेल्या रकमेतले ४० टक्के थेट शहरांना, ५० टक्के प्रादेशिक प्रकल्पांना, १० टक्के डिस्ट्रिक्टला. प्रादेशिक निधीतून एका बागेखाली पाणी मुरवण्याच्या टाकीसाठी कंपनीने आमचा अर्ज तयार केला. त्यातलं मॉडेलिंगचं काम उत्तम होतं, त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

त्या टाकीच्या निमित्ताने झालेलं एक बोलणं मात्र लक्षात राहिलं आहे. मी प्रोजेक्ट मॅनेजरला विचारलं, तांब्याचे आकडे खाली आणायला आणखी किती टाक्या लागतील? दुसरा कोणी असता तर पुढच्या कंत्राटाचं चित्र रंगवलं असतं. ते म्हणाले, तांब्यासाठी टाक्या मोजू नका. शहरातल्या पाण्यातलं बरंचसं तांबं ब्रेक पॅडच्या धुळीतून येतं. कॅलिफोर्नियाने २०१० मध्येच कायदा करून नव्या ब्रेक पॅडमधलं तांबं २०२१ पासून ५ टक्क्यांवर आणि २०२५ पासून अर्ध्या टक्क्यावर आणलं आहे. जुने पॅड झिजून बदलले जातील तसा आकडा उतरेल, तुम्ही फक्त तो दरवर्षी नीट मोजत राहा, म्हणजे उतरला हे दाखवता येईल. टाकी जिवाणूंसाठी आणि कचऱ्यासाठी हवी आहे. स्वतःचं काम कमी होईल असा सल्ला देणारा कन्सल्टंट मला या क्षेत्रात दोनदाच भेटला, त्यातले हे एक.

याउलट मार्च २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तेव्हा त्यांच्या ऑफिसातून बारा पानी मेमो आला, बिलासकट, आम्ही मागितलेला नसताना. निकाल महत्त्वाचा आहे. नदीचं पाणी अमुक दर्जाचं राहिलं पाहिजे एवढंच लिहून शहराला जबाबदार धरता येणार नाही, काय करायचं ते परमिटमध्ये सांगावं लागेल, असं कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी म्हटलं. पण आमच्या कौन्सिलला जे हवं होतं ते दोन वाक्यांत होतं: राज्याचा स्वतःचा पाण्याच्या दर्जाचा पोर्टर-कलोन कायदा १९६९ पासून आहे, आणि आमची मॉनिटरिंगची व तपासणीची कामं उद्या थांबणार नाहीत. ती दोन वाक्यं मला दहाव्या पानावर सापडली. मी बिल परत पाठवलं, त्यांनी ते रद्द केलं.

तर, माझं मत. फील्डचं काम: पाचपैकी साडेचार, आणि ते एका टेक्निशियनमुळे आणि दोन चुका मान्य करून दुरुस्त केल्यामुळे. अहवाल: पहिल्या वर्षी दोन, नंतर चार. निधीचे अर्ज आणि मॉडेलिंग: पाच. बिलिंग: तीन, तेही मी मागे लागले म्हणून. डेटा परत देणं: एक. याच कंपनीला पुन्हा घेईन का? तीच माणसं येणार असतील आणि डेटाची अट लेखी असेल तर हो.

त्यांना न देण्यासारखं एक काम मात्र आम्ही आता शहराकडे घेतलं आहे. दुकानं, हॉटेलं, गॅरेजं यांच्या तपासण्या. कन्सल्टंटचा इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येतो, यादी भरतो, जातो. हॉटेलच्या मागच्या गल्लीत रबरी मॅट धुऊन तेलकट पाणी कॅच बेसिनमध्ये ढकलणाऱ्या कामगाराशी बोलायला रोज त्याच रस्त्यावरून जाणारा, त्याची भाषा बोलणारा माणूस लागतो. आमचा अर्धवेळ इन्स्पेक्टर जुलैपासून पूर्णवेळ झाला. त्याला स्पॅनिश येतं, बहुतेक मालक त्याला नावाने ओळखतात. कन्सल्टंटच्या मर्यादेतून तेवढी रक्कम कमी केली.

नवा आरएफपी सध्या माझ्या टेबलावर आहे. त्यात जीआयएसचा मूळ डेटा दर तिमाहीला, संपूर्ण, शहराच्या सर्व्हरवर, अशी अट आहे. वार्षिक अहवालाचा मसुदा १५ ऑक्टोबरला. पहिल्या पावसाच्या आदल्या रात्री माणूस शहरात मुक्कामी. सॅम्पल फॉर्मवर दोन सह्या. आणि मुलाखत कॉन्फरन्स रूममध्ये होणार नाही. ती त्या ऑगस्टमध्ये कोरड्या पडलेल्या आउटफॉलपाशी होईल, सकाळी सातला, आणि बाटल्या भरणाऱ्या माणसाने स्वतः यायचं आहे. निवड समितीत चार खुर्च्या होत्या, पाचवी वाढवली आहे. ती यार्ड सुपरवायझरांसाठी आहे. त्यांनी त्यांचा पहिला प्रश्न मला आधीच लिहून दिला आहे: झाकण उचलायचा हूक तुमच्या गाडीत आहे का?